नांदूर मधमेश्वरला फक्त आवाजांची पक्षीफेरी: नियोजन कसं करावं?

पाणकणीस
आमच्या मंडळाला नांदूर मधमेश्वरला, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या पाणथळ पक्षी अभयारण्यात, पहाटेची फेरी करायची आहे, दुर्बिणीपेक्षा कानांवर भर देऊन. पंधरा जण, निम्मे नवखे. चापडगावच्या बाजूने, डिसेंबरात. किती वाजता उभं राहायचं, किती चालायचं? फोनवर आवाज टिपायचे तर काय सांभाळायचं?

गप्पीदास
आधी महिन्याचा विचार करा. डिसेंबरात बदकं भरपूर, पण गाणं कमी. हिवाळी पाहुणे इथे बहुतेक नुसत्या हाका देतात. गाणं ऐकायचं तर जुलै-ऑगस्ट: राखी वटवट्या, साधा वटवट्या, सुगरणीचे नर, आणि पांढऱ्या छातीची पाणकोंबडी, जी पावसाळ्यात रात्रीही थांबत नाही. डिसेंबरच पक्का असेल तर 'हाका ओळखा' अशी फेरी ठेवा.

त्यात नवख्यांना हमखास चकवणारी जोडी म्हणजे शंकर (ब्लूथ्रोट) आणि ब्लिथ्स रीड वॉर्बलर, दोन्ही छोटे हिवाळी पाहुणे पक्षी. दोघांचीही कोरडी 'टक्'. इथे आवाजापेक्षा जागा बघा. पाणकणसाच्या (पाण्यात उगवणाऱ्या उंच, गवतासारख्या पात्यांच्या) कडेला, चिखलालगत खालून आली तर बहुधा शंकर. बांधावरच्या बाभळीतून, झुडपातून आली तर ब्लिथ्स. पाण्यात उभ्या दाट पाणकणसातून जाड, खरखरीत 'चक्' आली की क्लॅमरस रीड वॉर्बलर धरा.

बांधावरचा
पंधरा जण एकत्र नेऊ नका, दोन तुकड्या करा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा 6:20 ला पहिल्या थांब्यावर शांत उभे असायला हवेत. गेट किती वाजता उघडतं ते वनखात्याला आधी विचारा. दीड किलोमीटरमध्ये पाच थांबे पुरेत. प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. मग प्रत्येकाने दिशा आणि आवाज सांगायचा, नाव शेवटी. नाव आधी आलं की बाकीचे ऐकणंच सोडतात.

पहाटे पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे आवाज खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर येतो. ऊन तापलं की तोच वर निघून जातो. म्हणून जांभळ्या पाणकोंबड्यांचा भाग पहिल्या तासात घ्या. वारा पाणकणसाकडून आपल्याकडे येईल असे उभे राहा.

विंडचीटर नको, त्याची सळसळ माइकमध्ये पक्ष्याच्या वर जाते. सुती किंवा लोकरी घाला. आणि तिथल्या शेतकऱ्यांना त्या आठवड्यात शेतीची वीज कधी येते ते विचारा. मोटारी सुरू झाल्या की बारीक हाका संपल्या.

तरंगध्वनी
फोन विमान मोडवर, फाइल वेव्ह, 48 किलोहर्ट्झ. आवाज कमी करणारी, सुधारणारी सगळी सेटिंग बंद, कारण ती पक्ष्यांचे बारीक स्वरही खातात. पातळी हाताने लावता येत असेल तर सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. फोन हातात धरू नका, काठीला बांधा. बोटांची घासणी नंतर काढता येत नाही. शेवटी तारीख, वेळ, थांबा बोलून ठेवा. खालचे स्वर कापायचेच तर 100 हर्ट्झपर्यंतच. त्याहून वर गेलात की भारद्वाजाचा घुमणारा आवाज पोकळ होऊ लागतो.

मर्लिन या आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपचा भारताचा पॅक घरीच उतरवून घ्या. त्याने दिलेलं नाव हा अंदाज समजा. कोतवाल आणि साळुंक्या नकला करतात, त्यात तो फसतो. कानाने किंवा डोळ्याने खात्री झाली तरच ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या यादीत टाका.

पाणकणीस
आभारी आहे, दोन तुकड्याच करतो. पक्षी बाहेर येत नसेल तर त्याचा आवाज वाजवून बोलवावं का? आणि गमबूट?

बांधावरचा
आवाज वाजवू नका, एकदाही नाही. हद्दीत परका नर आला असं समजून पक्षी खाणं सोडून धावतो, आणि आपण गेल्यावर दुसरी तुकडी तेच करते. गमबूट फक्त गाळ ओलांडायला. चालताना ते पचपचतात. बांधावर साधे घोट्यापर्यंतचे बूट आणि अंधारात पायापुढे टॉर्च, कारण गवतात घोणस असू शकते. पाणकणसात शिरायचं नाही. वरून घट्ट दिसणारा गाळ तिथे गुडघ्यापर्यंत घेतो.