मदत हवी आहे: येरेवानच्या विणकर बायकांसोबत गालिचे
मंडळी, माझ्या जलरंगातल्या चित्रांवरून आर्मेनियाची राजधानी येरेवानमध्ये गालिचे विणून घ्यायचेत. नुसतं डिझाइन हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. रंग-नक्षीत विणकर बायकांचाही शब्द चालावा, श्रेयात त्यांचीही नावं लागावीत. (१९२५ साली अमेरिकी अध्यक्ष कूलिज यांना भेट गेलेला गालिचा लेबनॉनमधल्या गझीरच्या आर्मेनियन अनाथ मुलींनी विणला. त्यांची नावं कोण घेतं?)

अडचण अशी की आर्मेनियन पद्धतीची दुहेरी गाठ ताण्याच्या (उभ्या) दोन धाग्यांना धरून बसते. नक्षीच्या ग्राफ कागदावर एक गाठ म्हणजे एक चौकोन, त्यामुळे चित्रातल्या पुसट कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. गाठी दाट केल्या की वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. कुणी असं काम केलंय का? मजुरी गाठींवर ठरवावी की चौरस मीटरवर? येरेवानला मेडिकल शिकणारं कुणी दुभाषी म्हणून भेटेल? मंजिष्ठेचा लाल मात्र हवाच, बाकी रंगांत तडजोड चालेल.