मदत हवी आहे : नववीतल्या मुलीला त्रिशूरहून विट्याजवळच्या गावी कायमचं आणायचं आहे

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे बरेच जण इथे दिसतात, म्हणून विचारायचं धाडस करते.

आम्ही गलाईवाले. यजमानांचं केरळात त्रिशूरला २२ वर्षांपासून गलाईचं दुकान आहे. सोनारांकडचा झाडलोटीचा केर, जुने दागिने आणायचे, मुशीत आटवायचे, तेजाबात (ॲसिडमध्ये) घालून शुद्ध सोनं वेगळं काढायचं. विट्याच्या आसपासच्यांना हे नव्यानं सांगायला नको, घरटी कुणी ना कुणी या धंद्यापायी बाहेर आहेच. दुष्काळानं आमच्या माणसांना बाहेर काढलं. आता शिवारात टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय, सासऱ्यांना एकट्यानं शेती होत नाही, आणि तेजाबाच्या धुरानं यजमानांची छाती भरून येते. डॉक्टरांनी धंदा सोडा म्हणून स्पष्ट सांगितलं. मे महिन्यात दुकानाचा करार संपला की गावी जायचं ठरलंय. मलाही ते पटतं.

प्रश्न लेकीचा आहे. ती १५ वर्षांची, जन्म त्रिशूरचाच. हे ठरलं ते तिला आम्ही सांगितलंच नाही. यजमान फोनवर सासऱ्यांशी बोलत होते, ते तिनं ऐकलं. तेव्हापासून ती वडिलांशी बोलत नाही. मला एकदाच म्हणाली, "सगळे परत जायचं, परत जायचं म्हणताय. तुम्ही परत जाताय. मी तिथनं आलो कधी?"

ती आमच्या घरातलीच बोली बोलते, आजीसारखं 'मी आलो, मी गेलो' म्हणते. पण सूर मल्याळम लागतो. मागच्या दिवाळीत गावी गेलो तर चुलत भावंडं तिला "ए मद्रासी" म्हणून हाक मारायची. मोठी माणसंही हसली, कुणी पोरांना गप्प केलं नाही, मीसुद्धा नाही. नंतरचे आठ दिवस ती मराठीत एक शब्द बोलली नाही. परतताना पूर्णा एक्स्प्रेसमध्ये मंगळूरच्या पुढे मल्याळम पाट्या दिसायला लागल्या, तेव्हा कुठे तिचा चेहरा सुटला आणि समोरच्या बाईंशी ती पार त्रिशूरपर्यंत बोलत राहिली.

मला मल्याळम बोलता येतं, वाचता येत नाही. बँकेतला फॉर्म, दवाखान्याची चिठ्ठी, विजेचं बिल, सगळं ती सात वर्षांची असल्यापासून मला वाचून दाखवते. हल्ली रोज रात्री वहीत काहीतरी लिहिते आणि वही उघडीच ठेवून झोपते. मला ते वाचता येत नाही हे तिला माहीत आहे.

मी स्वतः लग्न होऊन १९ व्या वर्षी विट्याजवळच्या लेंगऱ्याहून इथे आले. पहिलं वर्षभर न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. मला कुणी विचारलं नव्हतं. तेच आता माझ्या हातून लेकीच्या बाबतीत होतंय, आणि मला झोप लागत नाही.

तिची दहावी इथेच करावी का? मैत्रिणीची आई ठेवून घ्यायला तयार आहे. की दहावीलाच गावी आणावी? विट्यातल्या एका शाळेत फोन केला तर "दहावीला बाहेरची मुलं घेत नाही, निकाल बिघडतो" म्हणाले. ती इंग्रजी माध्यमात आहे, केरळ बोर्ड. हिंदीमुळे देवनागरी वाचते, पण अडखळत. तिला डॉक्टर व्हायचंय असं सध्या तरी म्हणते. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, डॉक्टर व्हायचं म्हणते ना, मग हे आधी बघा. महाराष्ट्रात मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, वर डोमिसाइल (रहिवासी दाखला). धंद्यासाठी बाहेर राहिलेल्यांना यात सूट नाही. माझ्या पुतण्याची दहावी कोइमतूरला झाली आणि हे आम्हाला बारावीनंतर कळलं. इंजिनिअरिंगला एवढं कडक नाही, आई किंवा वडिलांच्या डोमिसाइलवरही अर्ज करता येतो. म्हणजे दहावी कुठे करायची यावर तिची एक वाट उघडी राहणार की बंद होणार ते ठरतं. हे तिच्यासमोर मांडा आणि निवड तिला करू द्या.

आणायचं ठरलं तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. तेवढ्या एका सहीसाठी परत त्रिशूर गाठणं नको. एका शाळेनं नाही म्हटलं म्हणून थांबू नका. इंग्रजी माध्यमाच्या तीन-चार शाळांत नववीचं प्रगतिपुस्तक घेऊन समोर जा. मराठी तिला 'अक्षरभारती'चं असेल, ते दुसऱ्या भाषेचं पुस्तक, मराठी माध्यमाच्या 'कुमारभारती'पेक्षा सोपं. बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतं, आजच उतरवून घ्या. आणि मुलींना शाळेसाठी एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, गावातून विट्याला रोज जाणं जमेल.

प्रतिसाद

मीही गलाईवाल्याचीच मुलगी. आठवीत मदुराईहून आटपाडीला आले. शाळेचं जमतं हो, सहा महिन्यांत जमतं. मला टोचलं ते वेगळंच. गावी आल्यावर घरात तमिळ बंद झाली. आई-वडील दोघांना येत होती, पण "आता आपलं बोला" म्हणायचे. माझं सगळं बालपण ज्या भाषेत गेलं ती घरात कुणी बोलेना. तुम्ही तिच्याशी गावीही मल्याळममध्ये बोला. चारचौघांत, सासूबाईंसमोरसुद्धा. आणि 'मद्रासी' म्हणणाऱ्यांना यावेळी तुम्ही गप्प करा. तिची तीच अपेक्षा होती.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दुसरा प्रतिसाद वाचून मी तशीच बसून राहिले. काल दोन्ही प्रतिसाद तिला वाचून दाखवले. आमच्याकडे वाचून दाखवायचं काम नेहमी तिचं, काल मी वाचत होते आणि ती ऐकत होती. दिवाळीला मी गप्प बसले ते चुकलं, असं तिला मल्याळममध्ये सांगितलं. ती काही बोलली नाही, पण उठूनही गेली नाही.

रात्री यजमान दुकानातून आले. त्यांनी तिच्यासमोर बसून कोट्याचा नियम परत वाचला आणि म्हणाले, तू इथे राहा म्हणालीस तर एक वर्ष मीही करार वाढवून घेतो. छातीचं काय, असं तिनंच विचारलं. महिन्याभरानंतर वडिलांशी बोललेलं ते पहिलं वाक्य. सकाळी मला म्हणाली, दहावी तिकडे करते, पण गावात राहून नाही जमणार, विट्यात खोली घ्या, शनिवार-रविवारी आजोबांकडे जाऊ. यजमान तयार आहेत. सासूबाईंशी बोलणं बाकी आहे, ते मी करणार.

तिनं एकच गोष्ट विचारली आणि तिचं उत्तर आमच्याकडे नाही, म्हणून पुन्हा तुम्हालाच विचारते. विट्यात किंवा जवळपास एखादं मल्याळी कुटुंब आहे का? मिरजेच्या दवाखान्यांत केरळच्या सिस्टर असतात एवढं ऐकून आहे, बेकरीवालेही असतात म्हणे. मिरज लांब पडतं, पण महिन्यातून एकदा घेऊन जाईन. कुणाची ओळख असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तिच्या वयाची मुलगी असेल तर फारच बरं होईल.