दंतवैद्यकातील ‘स्ट्रेन’ला ‘विकृती’ म्हणावे का?

मृण्मयी: दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी दंतसामग्रीची टिपणे मराठीत आणताना अडले आहे. ‘स्ट्रेस’ला (दर एकक क्षेत्रफळावरील बलाला) प्रतिबल आणि ‘स्ट्रेन’ला (त्यामुळे मूळ लांबीच्या प्रमाणात होणाऱ्या बदलाला) विकृती हे पारिभाषिक शब्द मी घेतले, मात्र ‘इम्प्लांटभोवतीच्या (जबड्यात बसवलेल्या कृत्रिम दातमुळाभोवतीच्या) हाडातील विकृती’ हे शब्द वाचून एका सहकारी शिक्षिकेने हाडाला कोणता आजार झाला आहे, असे विचारले. विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी, आजारांचे शास्त्र, हे आमच्या क्षेत्रात इतके रुजलेले आहे की त्यांना दोष देता येत नाही. ‘मायक्रोस्ट्रेन’चे ‘सूक्ष्मविकृती’ केले तर घोटाळा वाढतोच. १ मिलिमीटर लांबी १ मायक्रॉनने बदलली की १००० मायक्रोस्ट्रेन झाले, एवढाच तेथे अर्थ असतो.

विश्वंभर: दोन्हींसाठी ‘ताण’ पुरे. विद्यार्थी बोलताना तसेच म्हणतात.

मृण्मयी: तसे केल्यास विषयच हरवेल. इनॅमलचा, म्हणजे दाताच्या बाहेरील कठीण आवरणाचा, प्रत्यास्थता गुणांक (ताठपणाचे माप) सुमारे ८० गिगापास्कल, तर त्याखालील डेंटिनचा सुमारे १८. म्हणजे दोन्हींवर प्रतिबल सारखे असले तरी डेंटिनचा आकार चौपटीहून अधिक बदलतो. एकच शब्द वापरून हे कसे शिकवावे?

अनंतराव: शिवाय ‘ताण’ हा ‘तन्’ धातूतून, ताणण्याच्या अर्थाने आलेला आहे, त्यामुळे ‘दाबाचा ताण’ ही रचना मला पटत नाही. दाढेवरील सिरॅमिकची कॅप दाब उत्तम सोसते, ओढ सोसत नाही. चावताना ती वाकली की तडा खालच्या, ओढल्या जाणाऱ्या बाजूने सुरू होतो. हा भेद शब्दात उमटायलाच हवा.

रेणुका: आमच्या घरी माग होता. उभे सूत म्हणजे ताणा, आणि ते किती ओढले आहे हे आजोबा बोटाने दाबून सांगत. ताण आणि त्यामुळे सुताची वाढलेली लांबी या वेगळ्या गोष्टी असल्याचे त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्या वाढीला मागावर काय म्हणत, ते जुन्या विणकरांना विचारून पाहावे.

अनंतराव: ‘विरूपण’ घ्यावे. संस्कृत घडण आहे, अर्थ स्पष्ट आहे.

मृण्मयी: विरूपणाला मी ‘डिफॉर्मेशन’साठी राखले आहे. ‘स्ट्रेन’ हे गुणोत्तर आहे, त्याला एकक नाही. त्यातच वेड्यावाकड्या दातांवरील प्रकरणात ‘विरूप’ शब्द रुग्णाला दुखावेल.

विश्वंभर: मग सरळ ‘स्ट्रेन’ लिहा. ‘इम्प्लांट’, ‘कॅप’ लिहिताना कोणी हरकत घेतली नाही, मग येथेच सोवळे का?

अनंतराव: कारण कॅप ही वस्तू आहे आणि स्ट्रेन ही संकल्पना. वस्तूचे नाव जसेच्या तसे उचलता येते. संकल्पना मात्र आपल्या भाषेत मांडली नाही, तर ती पाठ होते, समजत नाही.

रेणुका: वस्तूंचीही नावे फसवतात. ‘दाढेत चांदी भरली’ असे आपण म्हणतो, पण दाढेत भरायच्या त्या मिश्रधातूत, म्हणजे अ‍ॅमलगममध्ये वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो.

विश्वंभर: तरीही रुग्णाला त्याचे मराठी नाव ‘पारदमेल’ (पाऱ्याचा मिश्रधातू) सांगू नका, तो खुर्चीतून उठून जाईल!

अनंतराव: उठला तरी चालेल, पण त्याला खरे सांगावे. युरोपीय संघाने २०२५पासून दातांत अ‍ॅमलगमच्या वापरावर, मोजके अपवाद सोडता, बंदी घातली ती पाऱ्यामुळेच; ‘चांदी’ या शब्दातून ते कारण कधीच कळणार नाही.

रेणुका: माझ्या आईच्या दाढेतली चांदी वर्षानुवर्षे टिकून आहे, आणि ती चांदीच म्हणते. तिच्यापुरता तोच शब्द खरा आहे.