शेणानं पाणी बिघडत नाही म्हणता? मग पावसात आमच्या ओढ्यावर या

वारणाकाठ
काल इथं एकानं लिहिलं, "मिरगाच्या तोंडावर गोठ्याची सगळी स्लरी हत्तीगवतावर सोडा, शेण नैसर्गिक आहे, त्यानं पाणी बिघडत नाही." स्लरी म्हणजे शेण, मूत आणि गोठा धुतलेल्या पाण्याचा पातळ काला. खाली लाइकचा ढीग. म्हणून लांबड लावतोय.

आमचा गाव शिराळ्याच्या पश्चिमेला. उतारावर गोठे, त्याखाली गवत, गवताखाली ओढा. रान एकदा भिजून चिंब झालं की वरची स्लरी मुरतच नाही, वाहून ओढ्यात जाते. तिच्यातलं नत्र (नायट्रोजन) विरघळून जातं, स्फुरद (फॉस्फरस) मातीला चिकटून जातं. ओढा वारणेला, वारणा हरिपूरला कृष्णेला. पाऊस उघडून पाणी थांबलं की या खतावर शेवाळ माजून डोहावर हिरवा तवंग धरतो, पाण्यातला प्राणवायू कमी पडतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. नैसर्गिक तर नागाचं विषही आहे.

माणदेशी
भाऊ, आटपाडीला या. वर्षाला पाचशे मिलिमीटर पडला तर आम्ही देव पावला म्हणतो. इथं शेण वाहत नाही, वाळून जातं. रानात सेंद्रिय कर्ब उरला नाही आणि तुम्ही शेणाविरुद्ध ओरडताय.

वारणाकाठ
शेणाविरुद्ध कुठं बोललो? उतारावर, भर पावसात, पातळ स्लरी सोडण्याविरुद्ध बोललो. पोस्ट परत वाचा.

सांगलीकर
सांगली शहरातल्या शेरीनाल्याचं मैलापाणी वर्षानुवर्षं कृष्णेत जातंय, ते दिसत नाही का? कारखान्यांचं सांडपाणी? नदीत मेलेल्या माशांचा खच पडतो, चार दिवस पेपरात फोटो येतात, मग सगळं थंड. मी नदीकाठी वाढलो. घाटावर ज्या पाण्यात पोहायला शिकलो, त्यात पोराला पाय बुडवू देत नाही. शहराला, कारखान्याला कुणी हात लावत नाही, दोन म्हशीवाला मात्र सापडतो. संताप येतो.

गोठेवाला
बरोबर बोललात. आणि दुधाचं काय? ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागलं तरी दर पाडतात, एक पॉइंट कमी आला की कापतात. पेंडीचं पोतं मात्र दर महिन्याला चढतं. बायको पहाटे चारला उठते, पोरगं म्हणतं पुण्याला जातो. वर तुमचं ज्ञान. टाकी बांधायची तर पैसे तुम्ही देणार?

सांगलीकर
दूधदराचा वेगळा धागा काढा, तिथं पहिली सही माझी.

वारणाकाठ
दराबद्दल तुमच्या बाजूनं आहे. पण दोन म्हशी आणि तीस एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गायी एकाच मापानं मोजू नका. एक मोठी गाय दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते, मूत वेगळं. तीस गायींचं रोजचं साडेचार ते सहा क्विंटल दोन एकर गवतावर? पेंड, मका बाहेरून येतो, म्हणजे स्फुरदही पोत्यातून बाहेरूनच येतं आणि तुमच्या रानात साठतं. गवताला नत्र पुरेल इतकी स्लरी दिली की स्फुरद गरजेपेक्षा जास्त होतं. युरोपात १९९१ च्या नायट्रेट कायद्यानं (नायट्रेट म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) धोक्याच्या भागांत शेणखताच्या नत्राला वर्षाला हेक्टरी १७० किलोची मर्यादा घातली, ती उगाच नाही.

गोठेवाला
युरोपातल्या शेतकऱ्याला अनुदान मिळतं. आम्हाला काय मिळतं?

पाटणची_ताई
मी ग्रामपंचायतीसाठी पाण्याचे नमुने घेते. गोठ्याला लागून असलेल्या एका विहिरीत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं होतं, आणि पिण्याच्या पाण्याला तेवढीच आपली मर्यादा आहे. घरात तान्हं बाळ, आणि नायट्रेटचा धोका तान्ह्यालाच जास्त. आजी म्हणाल्या, "आम्ही उकळून देतो." अहो, उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट वाढतं. तिथं मला शेरीनाला सांगू नका. त्या विहिरीच्या वर फक्त गोठा आणि गवत होतं.

माणदेशी
ताईंचं खरं असेल. पश्चिमेला. पण नियम केला तर आमच्यावरही लादतील, ही भीती खोटी नाही.

गोठेवाला
बरं. ओढ्याच्या कडेनं गवताचा एक पट्टा सोडतो, तिथं स्लरी घालत नाही. ताई म्हणतात म्हणून, तुम्ही म्हणता म्हणून नाही. बास?

वारणाकाठ
पट्ट्यानं गाळ अडेल, विरघळलेलं नत्र सगळं अडणार नाही. जुलै-ऑगस्टात स्लरीचा पाइप बंद ठेवा. शेण वेगळं ओढून उकिरड्यात कुजवा, वर छप्पर घाला, आणि उघडीप बघून थोडं थोडं द्या.

गोठेवाला
शेण ओढीन. पण गोठा धुतलेलं पाणी दोन महिने कुठं साठवू? छपराचे पत्रे, खड्ड्याचं सिमेंट दूध घेणारे देणार असतील तर उद्या पाइप बंद करतो. नाहीतर ही मागणी आधी त्यांच्याकडं घेऊन चला, मी येतो.