खाडीतला गाळ काढायला घरी पाइपचा कोअरर (थरांसकट उभा नमुना काढायची नळी) बनवायचाय, गाळ खालून निसटतो

मीनल_आर
नमस्कार, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दाभोळ खाडीच्या गाळाचे थर बघायचेत, वरचे ५० सेंमी मिळाले तरी पुरे. विकतचा कोअरर परवडत नाही. रविवारी ओहोटीला दोन इंची पीव्हीसी पाइप घेऊन गेले, ठोकून ५० सेंमी आत घातला पण वर ओढला की निम्मा गाळ सटकन खाली, तीनदा तेच झालं. हार्डवेअरच्या दुकानात मिळेल अशाच वस्तू सांगा प्लीज.

जुना_कोकण
वरचं तोंड उघडं ठेवून ओढलंत ना? तिथेच सगळं आहे. स्ट्रॉ वरून बोटाने दाबली की सरबत पडत नाही, तसंच इथे. प्लंबरकडे रबरी प्लग मिळतो, मधला नट आवळला की रबर फुगून पाइपला घट्ट बसतं, तो घ्या. आणि प्लग लावायच्या आधी पाइपमधली रिकामी जागा खाडीच्याच पाण्याने काठोकाठ भरा, हळूहळू ओता म्हणजे वरचा थर ढवळणार नाही. हवा राहिली तर ती ताणते आणि गाळ परत खाली सरकतो. मग पाइप थोडा पिळून सावकाश वर घ्या, खालचं तोंड बाहेर यायच्या आत हात घालून टोपी बसवा. पाइप ७५ मिमीचा घ्या, कडेला घासून थर वाकतात ते कमी होतं. खालची कड कानशीने बाहेरच्या बाजूने तासून धारदार करा, आतून नाही. घरी आणेपर्यंत उभाच ठेवा, आडवा केलात की वरचा पातळ गाळ मिसळलाच.

मीनल_आर
खूप खूप धन्यवाद दादा!! अजून एक, पाइप आत असतानाच वाकून बघितलं तर आतला गाळ बाहेरच्यापेक्षा बराच खाली दिसत होता, तो कुठे गेला?

सुनीता_भूगर्भ
तो दबलाय गं, शिवाय थोडा पाइपच्या तोंडाशीच बाजूला सरकला असणार. पाइपच्या काठापासून आतला गाळ किती खाली आणि बाहेरचा किती खाली, दोन्ही टेपने मोज आणि ओढायच्या आधीच वहीत लिही, हे राहिलं की नंतर कुठला थर किती खोलीचा ते सांगता येत नाही. फारच दबत असेल तर पिस्टन कर, दोन चकत्यांमध्ये रबरी वॉशर बोल्टने आवळायचे, दोरी बांधून वर बांबूच्या तिकाटण्याला ताणून ठेवायची, पाइप खाली जातो आणि पिस्टन गाळाच्या पातळीवरच थांबतो. स्वीडनच्या कुलेनबर्ग या समुद्रशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात समुद्रतळाच्या गाळासाठी हेच तत्त्व वापरलं.
तपासणार काय आहेस पण? जड धातू असतील तर स्टीलचा चमचा नको, प्लॅस्टिकचा घे, आणि पाइपला चिकटलेला कडेचा गाळ टाकून दे. मायक्रोप्लॅस्टिक असेल तर मात्र पीव्हीसीच नको, त्याचाच कीस नमुन्यात येतो.

जुना_कोकण
तिवरांत जाणार असाल तर आधी वनखात्याला विचारा, गाईडचं पत्र जोडा. आणि एकट्या जाऊ नका हो, पाणी उतरत असतानाच काम सुरू करा, गुडघाभर चिखलात पाय रुतला आणि भरती लागली तर अवघड होतं.

मीनल_आर
जड धातूच बघायचेत. काल मैत्रिणीला घेऊन गेले, ७५ चा पाइप, प्लग, पाणी भरून. पाइप ५० सेंमी आत गेला, त्यात गाळ ४४ सेंमी भरला, आणि थेंबभरसुद्धा खाली पडला नाही! आता पाइप उभा कापायला ग्राइंडर वापरू का, की त्याच्या पात्याचं लोखंड गाळात जाईल?

सुनीता_भूगर्भ
कापूच नकोस. खालून लाकडी दट्ट्याने हळू वर ढकल आणि दर २ सेंमीला नायलॉनच्या दोऱ्याने काप.