मदत हवी आहे : ल्युक्रेशियसच्या ४४ ते ४९ या ओळी प्रक्षिप्त मानाव्यात का?

रोमन कवी ल्युक्रेशियसच्या ‘दे रेरुम नातुरा’ या लॅटिन काव्याच्या पहिल्या खंडातील ४४ ते ४९ या ओळी दुसऱ्या खंडात (६४६ ते ६५१) जशाच्या तशा पुन्हा येतात. देव आपल्या जगापासून दूर, निश्चिंत राहतात, असे त्या सांगतात. मात्र पहिल्या खंडात त्यांच्या आधीच व्हीनस या देवीकडे शांतीची याचना आहे, त्यामुळे काही संपादक तिथे त्या प्रक्षिप्त (मागाहून घुसलेल्या) समजून कंसात टाकतात. मला हा विरोध अपघाती वाटत नाही, पण वाटण्यावर प्रबंधाचे प्रकरण उभे राहत नाही.

लायडन येथील नवव्या शतकातील ‘ओब्लाँगुस’ आणि ‘क्वाद्रातुस’ या दोन्ही हस्तलिखितांत या ओळी पहिल्या खंडातही आहेत, एवढे मी तपासले आहे. संपादक बेलीचे या काव्यावरील १९४७ चे त्रिखंडी भाष्यही वाचले आहे. लॅटिन व इंग्रजी मी वाचू शकतो, त्यामुळे संपादक लाखमानच्या १८५० च्या लॅटिन भाष्याला अडचण नाही; जर्मन मात्र शब्दकोश घेऊनच. भाषांतरे नकोत.

या ओळी वगळण्यामागे अर्थविरोधाखेरीज हस्तलिखितपरंपरेतला काही स्वतंत्र पुरावा आहे का, आणि असल्यास तो कोणत्या संपादकाने मांडला आहे?