स्क्रीनशॉटने सगळंच जात नाही
‘स्क्रीनशॉट काढला की एआय चित्रातली सगळी छुपी माहिती जाते’ आणि ‘एआयची नोंद सापडली नाही, म्हणजे फोटो खरा’ असे दोन मुद्दे एका पोस्टमध्ये वाचले. पहिला अर्धाच खरा आहे.

फाइलला चिकटलेला मजकूर (मेटाडेटा) जातो, आणि तो चांगलाच भरगच्च असतो. कम्फीयूआय हे एआय चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर तर चित्राच्या पीएनजी फाइलमध्ये अख्खा वर्कफ्लो, म्हणजे चित्र बनवायची सगळी मांडणी, ठेवतं. तीच फाइल परत त्यात ओढून टाका, प्रॉम्प्ट (एआयला दिलेली सूचना), सीड (सुरुवातीचा आकडा), सगळे नोड (मांडणीतले टप्पे) समोर हजर! क्लायंटला मूळ पीएनजी पाठवणाऱ्यांनी हे एकदा करून बघाच.

पण यासाठी स्क्रीनशॉट कशाला? रिझोल्यूशनचा उगाच बळी जातो. एक्झिफटूल या मेटाडेटा वाचायच्या-पुसायच्या प्रोग्रामने टॅग, म्हणजे या नोंदी, पुसा. फक्त हा प्रोग्राम मूळ प्रत नावाला ‘ओरिजिनल’चं शेपूट लावून शेजारीच ठेवतो, झिप करताना तीही आत जाते.

गूगलचं सिंथआयडी (2023) हे एआय चित्रांवरचं अदृश्य वॉटरमार्क मात्र थेट पिक्सेलमध्ये मुरलेलं असतं. मेटाडेटा पुसून ते हलत नाही, स्क्रीनशॉटमध्येही राहू शकतं; साध्या काटछाटीतही टिकावं अशीच त्याची रचना आहे. उलट ओपनएआयने 2024 पासून आपल्या दाल-ई या चित्रं बनवणाऱ्या एआयच्या चित्रांत घातलेली सीटूपीएची (चित्र कुठून आलं ते सांगणाऱ्या मानकाची) नोंद मेटाडेटातच असते, ती सहज निघते. त्यामुळे ‘नोंद सापडली नाही, म्हणजे फोटो खरा’ हा त्या पोस्टमधला दुसरा मुद्दाही मला पटत नाही.